युलालियाचा उकार

आता एखाद्या माणसाला त्याचं स्वतःचं नावच वापरायला मिळालं नाही, तर त्याने करावं तरी काय? वजनकाटे तपासायच्या कचेरीत एकाच नावाचे तिघे होते. एकाला झुपकेदार मिशा, त्याला सगळे म्हणायचे मिशीवाले. दुसऱ्याच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, ते टकले. तिसऱ्याला ना मिशा ना टक्कल, ना चष्मा ना ढेरी. साधा तोतरेपणासुद्धा नव्हता बिचाऱ्याला. ओळखीची खूण म्हणून देवाने काही दिलंच नव्हतं. म्हणून मग त्याचं नाव पडलं 'उरलेले'.

"हा काटा उरलेल्यांच्या टेबलावर ठेवा." "उरलेले आले का?" साहेब तर फार मायाळू. ते म्हणायचे, "या, उरलेले, बसा." अशा हाकेला ओ द्यायची त्याला मुळीच हौस नव्हती. पण द्यायचा. न देऊन सांगतो कोणाला?

त्याला मुलगी झाली. पाळण्यात वाकून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पहिली काळजी पडली ती नावाची. ही शाळेत जाईल, बाई हजेरी घेतील, एका नावाला चार मुली 'हजर' म्हणून उभ्या राहतील, आणि त्यातली एक 'उरलेली' होईल. छे! आपल्या लेकीचं नाव असं पाहिजे, की भर बाजारात हाक मारली तर एकच मान वळली पाहिजे.

असं नाव त्याला दाताच्या डॉक्टरकडे सापडलं. बाहेर वाट बघत बसला होता, हातात पानं सुटलेलं एक जुनं मासिक. त्यात देशोदेशीची नावं दिली होती. तिथे लिहिलं होतं, 'युलालिया. मूळ ग्रीक. अर्थ, गोड बोलणारी. फार विरळ.' ते 'फार विरळ' वाचलं आणि उरलेला असा खूश झाला, असा खूश झाला, की दाढ न काढताच घरी आला. ठणका लागलेला, गाल सुजलेला, आणि तोंडभर हसू.

आता लेक काही गोड बोलायच्या वयाची नव्हती. रडायची मात्र अशी, की समोरच्या इमारतीतली माणसं झोपेतून उठून स्वतःची मुलं थोपटायला लागायची. ज्यांना मुलं नव्हती ती उशा थोपटायची.

"नाव चांगलं आहे," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची, उगाच वाहवत जाणारी नव्हती. "पण बघा हं, शुक्रवारी मी नोंदणीला जाणार. तोवर काही घोळ झाला, तर माझ्या मावशीचं नाव लावणार."

मावशीचं नाव त्या एका जिन्यातच तिघींचं होतं. उरलेल्याच्या अंगावर सरकन काटा आला.

दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता शुक्रवारपर्यंत. पण उरलेल्याचा जन्म गेला वजनं तपासण्यात. दुकानदार किलो म्हणाला म्हणून तो किलो मानायची त्याला सवय नव्हती. मासिक जुनं. तेव्हा विरळ असेल, आज कशावरून आहे? कोणी मधल्या मधे ठेवलं असलं तर? एक दिवस अर्धी रजा टाकून तो जन्मनोंदणीच्या कचेरीत गेला आणि रांगेत उभा राहिला.

खिडकीवरच्या बाई विणकाम बाजूला ठेवून म्हणाल्या, "काय काम?"

"एक नाव आधी कोणी ठेवलंय का, ते बघायचं होतं."

"कुठलं?"

उरलेल्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, खिडकीच्या गजात तोंड खुपसलं आणि कुजबुजला, "युलालिया."

"काय लाल?"

"युलालिया."

"मोठ्याने बोला हो, इथे सगळेच कानात सांगायला लागले तर माझं कसं व्हायचं?" आणि बाईंनी मागच्या टेबलाकडे वळून अशी हाक दिली, की भिंतीवरचं घड्याळ हललं. "अहो, ते यंत्रात बघा जरा! युऽलालिया नाव कोणाचं आहे का! युऽऽलालिया!"

मागून आवाज आला, "एकही नाही!"

एकही नाही! उरलेल्याला वाटलं, त्या गजांतूनच बाईंचे पाय धरावेत. पण तो आनंद पुरता घशाखाली उतरायच्या आत त्याने मागे पाहिलं. रांगेत सगळे आईबाप. कोणाच्या कडेवर बाळ, कोणाच्या पोटात. आणि सगळ्यांचे ओठ हलत होते. युलालिया. युलालिया. जसा काही पाढा पाठ करतायत.

त्याच्या मागेच एक बाई उभी होती. तिच्या खांद्याला एवढी मोठी पर्स, की बाळ त्या पर्सवरच निजवलं होतं. पर्सवाली म्हणाली, "किती वेगळं आहे हो! मला बाईंनी कालच हाकलून दिलं, म्हणाल्या नाव ठरवून या. याचा अर्थ काय?"

आता बघा, माणूस घाबरला की त्याच्या तोंडून काय निघेल याचा नेम नसतो. उरलेल्याने बाईकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं. बाळाच्या गळ्यात लाळेरं होतं आणि ते ओलंचिंब झालं होतं. त्याच्या डोक्यात वीज चमकली.

"अर्थ ना," तो आवाज पाडून, पण सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "फार वाईट आहे हो. लाळ गाळणारी."

"अगं बाई!"

"ग्रीक आहे. मूळ शब्द लाळ. तिकडूनच आपल्याकडे आला. मी तर फक्त चौकशीला आलोय, एका मित्रासाठी. त्याला सांगतो, नको बाबा."

सगळी रांग नाक मुरडून गप्प झाली. उरलेला छाती काढून बाहेर पडला. वाटेत त्याने स्वतःची पाठ थोपटायचासुद्धा प्रयत्न केला, पण हात पोचला नाही.

एक गोष्ट त्याने पाहिली नव्हती. रांगेच्या शेवटी त्याच्याच इमारतीतली पार्लरवाली उभी होती, भाचीचा दाखला घ्यायला आलेली. आणि तिच्याकडे स्कूटर होती.

तो जिना चढायला लागला, तेव्हा पहिल्या मजल्यावर कोणीतरी विचारलं, "काय म्हणते लाळूबाई?" दुसऱ्या मजल्यावर एका आजोबांनी हळहळून सांगितलं, "लवंग द्या हो तिला, लवंगेने लाळ थांबते." तिसऱ्या मजल्यावर त्याच्या स्वतःच्या दारात सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. बाळंतपणाला म्हणून आल्या होत्या आणि आता परत जायचं नावही काढत नव्हत्या.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "माझी नात लाळ गाळते?"

आत बायको पाळण्याला झोका देत होती. झोका जरा जोरातच चालला होता. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात गोड बोलणारी. पार्लरवाली म्हणते, तुमच्याच तोंडून तिने ऐकलं."

आता खरं सांगायचं म्हणजे सांगावं लागलं असतं, की मी भर रांगेत, दुसऱ्याच्या बाळाकडे बघून, खोटं बोललो. गणिताच्या बाईपुढे असं उत्तर देणं सोपं नसतं. उरलेला म्हणाला, "तिने चुकीचं ऐकलं. ड्रायर चालवून चालवून तिचे कान गेलेत. अर्थ गोड बोलणारी हाच आहे."

"म्हणजे गोडबोली," सासूबाई म्हणाल्या. "ते तर लाळेपेक्षा वाईट. आमच्या शेजारी होती एक गोडबोली. गोड बोलत बोलत माझं शिवणयंत्र घेऊन गेली. दोन झबली शिवून आणते म्हणाली. त्या झबल्यांतली मुलं लग्नाला आली, यंत्र अजून येतंय."

"आई, तू थांब," बायको म्हणाली आणि झोकाही थांबवला. "अहो, ऐका. शुक्रवारी मी हिला घेऊन रांगेत उभी राहणार. तोपर्यंत या जिन्यात कोणीही माझ्या लेकीला लाळूबाई म्हणता कामा नये. एकाने जरी म्हटलं, तरी मावशीचं नाव."

तेवढ्यात लेकीने टाहो फोडला. बापाची बाजू घेत होती की आईची, ते काही कळलं नाही.

आता अर्थ धुऊन काढायचा तर साक्षीदार पाहिजे. इमारतीत ग्रीस देश पाहिलेला माणूस एकच, तळमजल्यावरचा कप्तान. तो जहाजावर होता एवढं खरं. काय होता, ते कोणी विचारत नसे. विचारलं की तो वादळाची गोष्ट सुरू करी, आणि ती ऐकून जेवायला उशीर होई.

"युलालिया?" कप्तानाने डोळे मिटले. "अरे, काय आठवण काढलीस! यु म्हणजे चांगलं. लालिया म्हणजे बोलणं. मी स्वतः ऐकलंय, बंदरावर."

"मग एवढंच सांगाल का सगळ्यांना? फक्त अर्थ. एका वाक्यात."

"एका वाक्यात," कप्तान म्हणाला.

संध्याकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीची सभा होती. टाकी गळत होती, त्यावर काय ते ठरवायचं होतं. कप्तान उभा राहिला आणि टाकी बाजूलाच राहिली. म्हणाला, एका बेटावर युलालिया नावाची बाई होती. तिचा आवाज इतका गोड, की ती काठावर उभी राहून 'जेवायला चला' म्हणाली की पार क्षितिजावरची जहाजं वळायची. एकदा तर एक आगबोट तिचा आवाज ऐकून वाळूत वर चढून आली, आणि खलाशी उतरवायला शिडीसुद्धा लागली नाही. वादळ आलं की लोक तिला पुढे करायचे. ती वादळाला म्हणायची, 'आज नको रे बाबा, उद्या ये.' आणि वादळ खरंच उद्या यायचं. शब्दाला पक्कं होतं.

बायकांनी डोळ्याला पदर लावला. दंगा करणारी पोरंसुद्धा जवळ येऊन बसली. पार्लरवालीने सगळ्यांसमोर कान धरले आणि म्हणाली, "माझंच चुकलं. अशा नावाला मी लाळ म्हणाले!"

लाळूबाई त्या क्षणी संपली. उरलेल्याने मोकळा श्वास घेतला. पण तो सोडायलाही सवड मिळाली नाही.

सकाळी कामाला निघाला, तर खाली पार्लरवर नवी पाटी चढत होती. 'युलालिया ब्युटी पार्लर.' त्याने ती पाटी दोनदा वाचली.

"अहो, तुमच्या लेकीच्या मानानेच ठेवलं!" पार्लरवाली शिडीवरून म्हणाली. "गिऱ्हाइकांशी गोडच बोलावं लागतं ना!"

संध्याकाळी परत आला, तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी मांजरीचं नाव बदललं होतं. ती मांजर आजवर कोणाशी गोड बोललेली नव्हती. फिसकारायची आणि ओरबाडायची. आजोबा म्हणाले, "नावाने सुधारेल." शेजारच्या इमारतीत नवी बोलकी लिफ्ट बसली होती, 'कृपया दार बंद करा' म्हणणारी. तिला लोक युलालिया म्हणायला लागले. "युलालिया अडकली." "युलालियात वास येतोय." "युलालियाला तेल पाहिजे." हे सगळं उरलेल्याला खिडकीतून ऐकू यायचं, आणि एकेका वाक्यासरशी त्याचा जीव अर्धा व्हायचा.

त्याला झोप लागेना. अन्न जाईना. नाव घाण झालं की सुरक्षित, आणि चांगलं झालं की सगळ्यांचं. म्हणजे लेकीच्या वाट्याला एक तर लाळ, नाहीतर लिफ्ट! कचेरीत तो पितळी वजनं पुसत बसे आणि मनाशी मोजे, पार्लर एक, मांजर एक, लिफ्ट एक. मिशीवाल्याने विचारलं, "काय उरलेले, तब्येत बरी नाही का?" टकले म्हणाले, "माझ्या मेव्हणीला मुलगी झाली. म्हणे एक ग्रीक नाव फार चाललंय सध्या."

उरलेल्याच्या हातातलं दोन किलोचं वजन टकल्यांच्या पायावर पडलं. वजन बरोबर होतं हे टकल्यांच्या किंकाळीवरून सिद्ध झालं.

शेवटी शुक्रवार उजाडला. बायको, कडेवर लेक, मागे सासूबाई आणि सगळ्यांच्या मागे उरलेला, अशी वरात नोंदणीच्या कचेरीत पोचली. तो सारखा म्हणत होता, "लवकर चला, लवकर चला." जसा काही नावांचा साठा संपणार होता. रांगेत फक्त एकच बाई पुढे होती. तिच्या खांद्याला मोठी पर्स होती.

उरलेला मटकन खांबामागे गेला.

खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "ठरलं का नाव?"

"ठरलं," पर्सवाली म्हणाली. "युलालिया."

"नाही!" खांबामागून आवाज आला. सगळी कचेरी वळली. उरलेला पुढे धावला. "बाई, लिहू नका! ते नाव आमचं आहे! मी आधी चौकशी केली होती!"

पर्सवाली वळली. तिने त्याला आपादमस्तक पाहिलं. "हेच ते!" ती म्हणाली. "हेच ते गृहस्थ! मला म्हणाले लाळ गाळणारी! मी वाचनालयात जाऊन पाहिलं, अर्थ गोड बोलणारी. माझ्या लेकीकडे बघून खोटं बोलला होतात तुम्ही. एवढीशी पोर ती, तिच्यात तुम्हाला काय दिसलं? लाळ!"

तिचा आवाज शेवटी जरा कापला. बाळंतिणीचा आवाज तो. उरलेल्याने मान खाली घातली, आणि तेवढ्यात त्याच्या मानेवर काहीतरी गरम गरम पडल्यासारखं झालं. ती बायकोची नजर होती.

"अहो," बायको म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं 'अहो' त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्यात गणिताचा पेपर होता, निकाल होता आणि पालकांची सहीसुद्धा होती.

"पार्लरवालीने चुकीचं ऐकलं ना?" बायको म्हणाली. "बिचारीने सगळ्यांसमोर कान धरले. आणि लाळूबाई तुम्हीच काढलीत? आपल्या लेकीला?"

"मी आपल्या लेकीसाठीच..." उरलेला म्हणाला. "मला वाटलं, सगळे हेच नाव ठेवतील. मग ती पण माझ्यासारखी होईल. गर्दीतली. मला कोणी नावाने हाक मारत नाही गं. निदान तिला तरी मारावी." मग तो पर्सवालीकडे वळला. "ताई, चुकलं माझं. तुमची लेक फार गोड आहे. लाळ तर माझीही गाळते, पायमोजे भिजेपर्यंत."

सासूबाईंनीसुद्धा काही म्हटलं नाही, आणि असा प्रसंग तोवर झाला नव्हता.

बायको खिडकीशी गेली. "बाई, आमच्या मुलीचं नाव लिहा," ती म्हणाली आणि मावशीच्या नावाचं पहिलं अक्षर तिच्या ओठावर आलंसुद्धा. उरलेल्याने डोळे मिटले.

"थांबा हो," पर्सवाली म्हणाली. रागात होती, पण आता तिने नाक पुसलं होतं. "एवढं झुरून ठेवलेलं नाव सोडता कशाला? दोघींचं ठेवू. जगात दोन गोड बोलणाऱ्या असल्या तर काय बिघडतं?"

उरलेला म्हणाला, "दोन?" म्हणजे अर्धंच विरळ. पण बायकोकडे बघायची त्याची हिंमत झाली नाही.

खिडकीवरच्या बाई कंटाळून म्हणाल्या, "ठरवा लवकर. तुमची युलालिया, यु कसा? पहिला उकार की दुसरा?"

"पहिला," पर्सवाली म्हणाली. "साधा आपला."

"दुसरा!" उरलेला ओरडला. असा ओरडला, की पर्सवालीचं बाळ दचकून जागं झालं. "आमची दुसरा उकार! दीर्घ! यूऽलालिया! लिहा बाई, दीर्घ लिहा!"

बायकोचा चेहरा अजून कडकच होता, पण ओठाचा एक कोपरा हलला. "लिहा दीर्घ," ती म्हणाली. "नाहीतरी हिचं रडणं दीर्घच आहे." सासूबाई म्हणाल्या, "यंत्रात बघा, दीर्घवाली कोणी आहे का." मागून आवाज आला, "एकही नाही!" आणि यंत्र खडखडलं, आणि जगातली एकुलती एक दुसऱ्या उकाराची यूलालिया कागदावर उतरली. उरलेल्याने तो दाखला दोन्ही हातांनी धरला. लेकीने बापाकडे पाहिलं आणि जो सूर लावला, तो खरोखरच दीर्घ होता.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावर कोणीतरी टकटक केलं. मागे एक तरुणी आणि तिचा नवरा उभे होते. तिचे दिवस भरत आलेले.

"काका," ती लाजून म्हणाली, "ते दुसऱ्या उकाराचं फारच छान वाटतंय हो. अर्थ काय त्याचा?"

उरलेल्याच्या कपाळावर घाम आला. पर्सवाली बघत होती. बायको बघत होती. सासूबाई तर पुढे सरकून बघत होत्या. त्याच्या जिभेवर एकापेक्षा एक घाणेरडे अर्थ आले. शेंबडी. उवा झालेली. उधारी बुडवणारी. त्याने ते सगळे एकेक करून गिळले. ठणकणारी दाढ उपटून काढावी तसे शब्द बाहेर आले.

"गोड... बोलणारी."

"अय्या!" ती म्हणाली आणि नवऱ्याचा हात घट्ट धरला. "हेच ठेवू या का?"

नवरा शहाणा होता. त्याने उरलेल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, जरा विचार केला आणि खिडकीत वाकला.

"बाई, तिसरा उकार असतो का हो?"

बाईंनी विणकाम हातात घेतलं. "पलीकडच्या खिडकीवर विचारा."